सायलेन्सरची भेग : दुरुस्ती आणि दक्षता



पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसराच्या औद्योगिक प्रगतीचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पवना व इंद्रायणी या नद्यांच्या काठची शेतशिवारे पाहता पाहता औद्योगिक वसाहतींत रूपांतरित झाली. १९७० मध्ये स्थापन झालेली पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांचा ओघ पुणे-नाशिक मार्गाने उत्तरेकडे वळला. निघोजे, खराबवाडी, महाळुंगे, नाणेकरवाडी, कुरुळी या खेड तालुक्यातील गावांच्या शिवारात कारखाने उभे राहिले आणि २०१५ मध्ये चाकणलाही नगरपरिषद मिळाली.

या प्रगतीत दुचाकी वाहनाचे स्थान विशेष आहे. बजाज ऑटोची 'चेतक' स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली आणि आकुर्डी हे नाव घरोघरी पोहोचले. १९८६ मध्ये याच कंपनीने जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्याने मोटारसायकल आणली. १९९९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला, २००१ मध्ये 'पल्सर' रस्त्यावर आली आणि २००७ मध्ये आकुर्डी येथील वाहन-उत्पादन थांबले. मोटारसायकल घडविणारा हा प्रदेश मोटारसायकलवरच कामाला जातो. राजगुरुनगर, शिक्रापूर, वडगाव मावळ या बाजूंनी पहाटे निघणारा कामगार पहिली पाळी गाठतो तो बहुधा स्वतःच्या दुचाकीवरच. ती अडली की त्या दिवसाची हजेरी बुडते. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत हजेरी बुडणे म्हणजे रोज बुडणे होय.

अशा वेळी त्याच्या मदतीला मोठा कारखाना येत नाही; रस्त्याच्या कडेचे पत्र्याचे दुकान येते. मोटारसायकलच्या सायलेन्सरला पडलेली भेग आणि ती सांधणारा वेल्डर हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय लहान वाटतो. परंतु कामगाराचे रोज, गावाची हवा आणि एका कारागिराचे डोळे या तीनही गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत.

भेग का पडते?

इंजिनात पेट्रोल जळाल्यानंतर निर्माण होणारे तप्त वायू दूर नेणे, त्यांचा आवाज शमविणे आणि ते स्वाराच्या मागे उघड्यावर सोडणे, हे सायलेन्सरचे कार्य. त्याचे दोन भाग असतात. इंजिनाच्या तोंडाशी बसणारी वाकडी नळी हा पहिला भाग. गॅरेजच्या भाषेत तिला 'बेंड पाइप' म्हणतात. मागचा जाड, लांबट डबा हा दुसरा भाग. भेग बहुधा बेंड पाइपला, वेल्डिंगच्या जुन्या सांध्यालगत किंवा डबा ज्या पट्टीने चौकटीला बांधलेला असतो त्या पट्टीच्या मुळाशी पडते. ती तेथेच का पडते, हे समजून घेणे दुरुस्तीपेक्षाही महत्त्वाचे आहे.

पहिले कारण कंप. चार स्ट्रोकच्या एक सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा धूर बाहेर फेकला जातो. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्या घेत असेल, तर तासाभराच्या प्रवासात नळीला असे १ लाख २० हजार धक्के बसतात. लोखंडी तार एकदा वाकविल्याने तुटत नाही, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकविली की तुटते. नळीचेही तसेच होते. धातूच्या या थकव्याची सुरुवात केसाएवढ्या रेघेने होते आणि प्रत्येक धक्क्याबरोबर ती रेघ पुढे सरकते.

दुसरे कारण उष्णता. इंजिनाजवळ ही नळी ताणाच्या वेळी ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. अर्धा मीटर लांबीची पोलादी नळी ४०० अंशांनी तापली, तर तिची लांबी सुमारे अडीच मिलीमीटरने वाढू पाहते. दोन्ही टोके जखडलेली असतील, तर या वाढीला वाट मिळत नाही आणि सारा ताण वळणावर किंवा सांध्यावर येतो.

तिसरे कारण पाणी. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटेल. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पूर्ण तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. घर ते बसथांबा, बसथांबा ते बाजार अशा तुटक फेऱ्यांत मात्र ती आतच गार होते. धुरातील आम्लयुक्त द्रव्ये त्या पाण्यात मिसळतात आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून क्रोमचा मुलामा चकचकीत दिसत असताना आतला पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो.

चौथे कारण जोडणीतील हयगय. पट्टीचा एखादा बोल्ट पडलेला असतो, रबरी बुश झिजलेला असतो, इंजिनाच्या तोंडाशी असलेली गॅस्केट जुनी असते किंवा उंच गतिरोधकावर नळी खालून आपटलेली असते. एक बोल्ट नसला की सर्व भार दुसऱ्यावर येतो आणि पत्रा तेथेच फाटतो. काही रुपयांच्या बोल्टाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कित्येक पट किमतीचा सायलेन्सर निकामी होतो.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

भेग पडल्याचे पहिले लक्षण म्हणजे फुटका आवाज. काही तरुणांना हा आवाज रुबाबाचा वाटतो. परंतु शाळा, दवाखाना आणि रात्रपाळी करून झोपलेला शेजारी यांना तो उपद्रवच होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० अन्वये प्रत्येक मोटार वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० मध्ये ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणाऱ्यास शिक्षेची तरतूद असून २०१९ च्या सुधारणेनंतर दंडाची मर्यादा दहा हजार रुपयांपर्यंत गेली आहे.

दुसरे, भेगेतून निघणारा तप्त झोत स्वाराच्या पायावर, विजेच्या तारांवर किंवा प्लॅस्टिकच्या भागांवर येऊ शकतो. तिसरे, या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू असतो. उघड्या रस्त्यावर तो विरळ होतो. परंतु बंद खोलीत इंजिन चालू ठेवून आवाजाची परीक्षा करणे जीवावर बेतू शकते.

चौथी गोष्ट नव्या वाहनांच्या संदर्भात ध्यानात घेतली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. या मानकांच्या मोटारसायकलींच्या धुराच्या मार्गात ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा सेन्सर आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. सेन्सरच्या अलीकडे भेग पडली, तर धुराच्या दोन धक्क्यांमधील क्षणात तिच्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन अधिक दिसतो, पेट्रोल कमी पडत असल्याचा इंजिनाच्या नियंत्रकाचा समज होतो आणि तो जास्त पेट्रोल सोडू लागतो. खर्च वाढतो, धूरही वाढतो. पीयूसी तपासणीच्या वेळी अशाच रीतीने आत शिरलेली हवा धुराचा नमुना विरळ करते आणि यंत्रावरील आकडा फसवा ठरू शकतो.

दुरुस्तीची योग्य रीत

"मिस्त्री, तेवढा एक टाका मारून द्या, शिफ्ट गाठायची आहे," असे ग्राहक म्हणतो आणि गाडीवर बसूनच वाट पाहतो. घाईत मारलेला हा टाका महिनाभरातच शेजारून पुन्हा फाटतो. वेल्डिंग निकृष्ट होते असे प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. अनेकदा भेग बुजविली जाते, पण भेगेचे कारण तसेच राहते. म्हणून जाणता कारागीर हाती होल्डर घेण्यापूर्वी बोल्ट, बुश आणि पट्टी तपासतो.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर सायलेन्सर गाडीवरून उतरवावा. इंजिनाच्या तोंडाशी असलेले नट गंजलेले असतील, तर त्यांवर गंज सोडविणारे तेल टाकून काही वेळ थांबावे. जोर लावल्याने तेथील स्टड तुटला, तर भेगेपेक्षा मोठा खर्च उभा राहतो. उतरविलेल्या नळीवर काजळीची काळी रेघ दिसते, तीच भेगेची खूण. खात्री करण्यासाठी नळीचे एक तोंड बंद करून दुसऱ्या तोंडातून कमी दाबाने हवा सोडावी आणि बाहेरून साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथपर्यंत भेग पोहोचली आहे असे समजावे.

भेगेच्या दोन्ही टोकांना, डोळ्यांना दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे, दोन ते तीन मिलीमीटरचे एकेक भोक पाडावे. टोकदार चिरेच्या अग्राशी ताण एकवटतो. तेथे गोल भोक झाले की तो पसरतो आणि चीर पुढे धावत नाही. ही साधी युक्ती विमानाच्या पत्र्यापासून शेतीच्या अवजारापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते. त्यानंतर भेगेच्या दोन्ही बाजूंचा सुमारे दीड सेंटीमीटर पट्टा ग्राइंडरने किंवा कानशीने घासून क्रोम, गंज, रंग आणि तेल पूर्णपणे काढावे. मुलाम्यावर केलेला सांधा सच्छिद्र होतो आणि तापलेल्या क्रोमचा धूर छातीला घातक असतो.

साध्या पोलादाची नळी बहुधा एक ते दीड मिलीमीटर जाडीची असते. तिच्यावर जाड रॉडने आर्क वेल्डिंग केल्यास पत्र्याला भोक पडते. बारीक तारेचे मिग वेल्डिंग, ज्याला दुकानांत 'सीओटू' म्हणतात, किंवा कुशल हाताचे गॅस वेल्डिंग येथे अधिक योग्य. गॅस वेल्डिंगच्या ज्योतीचे तापमान ३,००० अंशांहून अधिक असते आणि पोलाद सुमारे १,५०० अंशांना वितळते, त्यामुळे हात क्षणभर रेंगाळला तरी पत्रा गळतो. नळी स्टेनलेस स्टीलची असेल, तर टिग वेल्डिंग आणि त्या धातूला साजेशी भरण-तार आवश्यक ठरते. पितळेची झाळ इंजिनाजवळच्या भागाला मानवत नाही आणि इपॉक्सीचा साधा लेप तर तेथे अल्पावधीतच जळून जातो.

सांधा एका दमात न भरता लहान लहान टप्प्यांनी, आलटून पालटून भरावा, म्हणजे नळी वाकत नाही. काम झाल्यावर तिच्यावर पाणी ओतू नये. ती आपोआप गार होऊ द्यावी. पत्रा पातळ झाला असेल, तर गंजलेला भाग कापून काढून त्याच जाडीचे ठिगळ लावावे आणि ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत. ठिगळासाठी जस्ताचा मुलामा असलेला जी. आय. पत्रा मुळीच वापरू नये. त्याच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

नळी पूर्ण तुटली असेल, तर तिची दिशा जुळविण्यासाठी ती गाडीवर बसवून दोन-तीन टाके मारावे लागतात. त्या वेळी बॅटरीच्या तारा सोडविणे, पेट्रोलची टाकी उतरविणे आणि अर्थिंगचा चिमटा नळीलाच लावणे ही पथ्ये अनिवार्य समजावीत. चिमटा दूर लावल्यास वीज बेअरिंग आणि नियंत्रकातून वाट काढू शकते. टाके मारल्यावर नळी उतरवून उरलेले काम जमिनीवरच करावे.

परत बसविताना नवी गॅस्केट घालावी. सर्व नट-बोल्ट प्रथम सैल लावावेत, मग इंजिनाकडील नट आवळावेत आणि चौकटीकडील बोल्ट शेवटी. असे केल्याने नळी ओढून-ताणून बसत नाही. शेवटी सांध्यावर उष्णतारोधक रंग द्यावा.

कोठे थांबावे?

प्रत्येक भेग सांधण्यायोग्य असतेच असे नाही. डबा आतून सर्वत्र गंजला असेल, ठिगळावर ठिगळ चढले असेल किंवा भेग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आवरणावर अथवा सेन्सरच्या बैठकीजवळ असेल, तर 'हे काम येथे होणार नाही' असे स्पष्ट सांगणे हाही कारागिराचा गुण होय. कन्व्हर्टर काढून तेथे पोकळ नळी जोडण्याची मागणी काही ग्राहक करतात. ती नाकारली पाहिजे. कारण त्यामुळे धुराचे शुद्धीकरण थांबते आणि कायद्याचाही भंग होतो. जुन्या दोन स्ट्रोकच्या गाडीचा सायलेन्सर असेल, तर त्यात तेलकट काजळी साचलेली असते. ती साफ न करता ज्योत लावली, तर आतच आग धुमसू लागते.

सांधणाऱ्याची काळजी

दुसऱ्याची गाडी सुरू करून देणारा हा कारागीर स्वतःच्या शरीराकडे मात्र क्वचितच पाहतो. वेल्डिंगच्या ठिणगीतील अतिनील किरणांनी डोळ्यांचा पृष्ठभाग भाजतो. त्याची वेदना लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागते. मग बटाट्याच्या चकत्या आणि दुधाचे थेंब यांसारखे घरगुती उपाय सुरू होतात. खरा उपाय आधीच करावयाचा असतो. आर्क वेल्डिंगला १० किंवा ११ क्रमांकाची काच आणि गॅस वेल्डिंगला ५ क्रमांकाच्या काचेचा चष्मा वापरला पाहिजे. उन्हाचा काळा चष्मा हे काम करू शकत नाही.

धुराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला. काम उघड्यावर करणे, वारा पाठीमागून न येता बाजूने येईल असे उभे राहणे, चेहरा धुराच्या लोटात न नेणे आणि योग्य मास्क वापरणे या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. ॲसिटिलिनचे तांबूस व ऑक्सिजनचे काळे सिलिंडर उभे व साखळीने बांधलेले असावेत आणि ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलकट हात लागू देऊ नये, कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल भडकते.

या दुकानांत नळी धरून उभा असलेला एखादा शाळकरी मुलगा कधी कधी दिसतो. उस्तादाच्या डोळ्यांपुढे काच असते. मुलगा नुसता तोंड फिरवून घेतो. १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास आणि १८ वर्षांखालील किशोरास धोक्याच्या कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. या मुलाला हात धरून शाळेत परत आणणे आणि योग्य वयात हेच काम शास्त्रशुद्ध रीतीने शिकण्याची वाट दाखविणे, हे शिक्षकांचे कर्तव्य ठरते.

गावाने काय करावे?

ती वाट उपलब्ध आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डर हा व्यवसाय एका वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यास त्यासाठी अर्ज करता येतो. औंध येथील शासकीय संस्था आणि मोरवाडी येथील महानगरपालिकेची संस्था या परिसरापासून दूर नाहीत. वर्षानुवर्षे काम करून शिकलेल्या, परंतु प्रमाणपत्र नसलेल्या कारागिरांसाठी पूर्वज्ञान-मान्यतेची तरतूद २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. पंचायतीने आपल्या हद्दीतील अशा दुकानांची साधी नोंद केली, तर कोणास प्रशिक्षण हवे, कोठे अग्निशामक नळकांडे नाही, कोठे मुले राबतात हे एका वहीत दिसू शकेल. संस्थेतील निदेशक आणि दुकानातील मिस्त्री यांची वर्षातून दोनदा पंचायतीच्या सभागृहात गाठ घालून दिली, तरी दोघांचाही लाभ होईल. निदेशकाजवळ शास्त्र असते. कोणत्या रस्त्यावर कोणती नळी कोठे फुटते याचे ज्ञान मिस्त्रीजवळ असते.

शिक्षकांसाठी तर ही नळी म्हणजे चालती-बोलती प्रयोगशाळा आहे. उष्णतेने होणारे प्रसरण, गंजण्याची क्रिया, ज्वलनातून होणारी पाण्याची निर्मिती, ध्वनीचे शमन हे विज्ञानाच्या पुस्तकातील पाठ तिच्यात एकत्र भेटतात. तुटलेला एक सायलेन्सर वर्गात आणून उभा कापून दाखविला, तर मुलांना ते पाठ सहसा विसरावयाचे नाहीत.

सायलेन्सर सांधून घेणाऱ्या कामगाराला त्या दिवशी एवढेच हवे असते की गाडी चालावी आणि हजेरी चुकू नये. ती अपेक्षा रास्त आहे. परंतु सांधण्यापूर्वी कारण शोधावे, सांधताना डोळे व छाती जपावी आणि सांधता येत नसेल तेथे तसे सांगावे, एवढी शिस्त या लहान दुकानांत रुजली, तर कामगाराचा पैसा, गावाची हवा आणि कारागिराचे आयुष्य या तिहींचे रक्षण होईल. त्यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. लक्ष मात्र आपण सर्वांनी पुरवावयाचे आहे.